जिवंत पर्याय

"यातला 'ब' कोण निवडणार, मला सांगा," संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "एक तरी माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचं नेमकं काय चुकेल, म्हणजे उत्तर एकशे सदतीस येईल?"

वहिनीने मांडीवरच्या बाळीच्या तोंडातून खोडरबर काढून घेतला आणि प्रश्नाकडे पाहिलं. कुणाचं काही चुकणार नव्हतं. एकशे सदतीस तिने असंच लिहिलं होतं, जागा भरायला.

"मेलेला पर्याय आहे हा," बाई म्हणाल्या. "'क'सुद्धा मेलेला. 'ड' जरा धुगधुगतोय. तुमचं गणित चांगलं आहे हो, तीच तर अडचण आहे. तुम्हाला चुकता येत नाही."

बाई कधी आवाज चढवत नसत. दुकानात माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकासारख्या शांतपणे एकेक प्रश्न परत करायच्या. प्रवेश परीक्षांचे प्रश्न तयार करून देणाऱ्या एका संस्थेचं हे काम वहिनी घरी बसून करायची. एक प्रश्न, त्याचं एक बरोबर उत्तर आणि तीन चुकीची. बरोबर उत्तराला काहीच कष्ट नसतात, सगळी मेहनत चुकीच्या तिघांत असते, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. प्रत्येक चुकीचं उत्तर कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या चुकीतून यायला हवं. गडबडीत, अर्धवट समजून, मनात दुसरंच काही असताना माणूस जिथे जाऊन पोचतो, तिथे ते आधीच जाऊन बसलेलं हवं. असं असेल तर तो जिवंत पर्याय. प्रश्न पुढे कुणाकडे जातात, कुठल्या परीक्षेला लागतात, हे विचारायचं नाही असा तिथला रिवाज होता. वहिनीनेही विचारलं नव्हतं. बाळीच्या दुपारच्या झोपेत होण्यासारखं काम मिळालंय, एवढं तिला पुरेसं होतं.

तिला घरात सगळेच वहिनी म्हणायचे. म्हणायला सुरुवात केली ती नणंदेने. मग नवऱ्याच्या मित्रांनी, मग शेजाऱ्यांनी आणि शेवटी सासऱ्यांनीही. "वहिनी, चहा झाला का गं?" असं सासरे म्हणाले की नवरा हसून म्हणायचा, "बाबा, ती तुमची सून आहे." त्यावर सासरे म्हणायचे, "असू दे. नावापेक्षा हाक महत्त्वाची."

नणंदेला मात्र सगळे ठकी म्हणत. लहानपणी फोटो काढताना ती लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची म्हणून. आता ती एका चष्म्याच्या दुकानात होती. समोरच्या काउंटरवर उभं राहून फ्रेमा दाखवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवून आरसा पुढे धरायचा आणि म्हणायचं, "छान दिसतंय." दुकानाच्या मागे एक काळोखी खोली होती. तिथे डोळे तपासणारे बसत. ठकीचं सगळं लक्ष त्या खोलीकडे.

"मी तिथे बसणार," ती म्हणायची. "आत येणाऱ्याला म्हणणार, खालची ओळ वाचा. वाचता आली नाही तर भिंग बदलणार. आता? आता वाचा. आणि एकदम त्याचा चेहरा असा उघडतो ना वहिनी, दिवा लावल्यासारखा. बाहेर माझ्याकडे येईपर्यंत तो चेहरा शिळा झालेला असतो."

त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा. अर्धी भाषेची, अर्धी गणिताची. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागे. ठकी दोनदा बसली होती. दोन्ही वेळा गणितात गेली होती.

या वेळी सासऱ्यांनी जेवताना स्पष्टच सांगितलं. "हे शेवटचं. झालं तर आनंद आहे. नाही झालं तर काकांकडे जायचं. काकूंना उठता येत नाही, घरात माणूस नाही. किती दिवस मी त्यांना आज-उद्या करू?"

"म्हणजे मला तिकडे कायमचं पाठवणार?"

"कायमचं कोण म्हणालं? काकू बऱ्या होईपर्यंत."

काकू बऱ्या होणाऱ्यातल्या नव्हत्या, हे ताटावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.  ठकीने बाळीचा घास मोडला, फुंकर घातली आणि तिला भरवला.

दुपारी दुकान बंद असायचं. ठकी घरी यायची, बाळीला खांद्यावर टाकून खोलीभर फेऱ्या मारायची, तिला झोपवायची आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी सराव-पुस्तकं उघडायची. समोरच्या बाजूला वहिनी आपले प्रश्न घेऊन बसायची. मध्ये एकच पंखा, तो दोघींच्या कागदांवर आळीपाळीने यायचा. एकीने कागद दाबला की दुसरीने सोडायचा, असा त्यांचा मेळ बसला होता.

अशाच एका दुपारी वहिनी हातावर हनुवटी टेकून बसली होती. एका रांगेत झाडं लावायची होती आणि तिला तीन चुकीची उत्तरं सुचत नव्हती.

"ठके, हे कर बरं," ती म्हणाली. "आणि मनात नको करूस. मोठ्याने कर."

"परीक्षा घेतेस?"

"घेते समज."

ठकीने प्रश्न वाचला. "शंभर मीटरचा रस्ता, दर दहा मीटरवर झाड, दोन्ही टोकांना झाड हवं... शंभर भागिले दहा, दहा. दहा झाडं." मग थांबली. "नाही गं, दोन्ही टोकांना म्हणतायत. म्हणजे टोकांची दोन वेगळी. दहा आणि दोन, बारा."

उत्तर अकरा होतं. पण वहिनीला ते सांगायचं भानच राहिलं नाही. दहा आणि बारा! दोन्ही किती सहज आले, आपल्या पायांनी चालत आले. तिने ते लिहून घेतले. मग ठकीला हसून म्हणाली, "अकरा गं वेडे. बोटं बघ तुझी. पाच बोटं, मध्ये फटी किती?"

"चार," ठकी म्हणाली आणि स्वतःच्या पंजाकडे असं पाहत राहिली, जणू तो आत्ताच कुणी आणून दिला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "अहो, हा बारा! बारा कुठून आणलात? सुंदर आहे."

"घरातूनच," वहिनी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मग ते रोजचंच झालं. वहिनी प्रश्न पुढे सरकवायची, ठकी मोठ्याने विचार करायची. ठकीच्या चुका म्हणजे नुसता वेंधळेपणा नव्हता. प्रत्येक चुकीला तिचं म्हणून एक कारण असायचं. वीस टक्के सूट आणि त्यावर आणखी दहा टक्के म्हणजे ती तीस म्हणायची. "अगं, दुकानात रोज करतेस की," वहिनी म्हणाली, तर म्हणे, "दुकानात यंत्र करतं, मी फक्त गोड बोलते." भाषेच्या प्रश्नांतसुद्धा तिची तऱ्हा होती. कारखाना बंद पडल्याचा उतारा होता आणि खाली विचारलं होतं, लेखकाचा सूर कोणता. उत्तर होतं 'तटस्थ'. ठकीने 'हळहळ' निवडलं.

"कुठे हळहळलाय तो? आकडे तर दिलेत नुसते."

"आकडे देताना हळहळत असेल ना. एवढी माणसं घरी बसली. कुणाला काहीच वाटणार नाही का?"

वहिनीने 'हळहळ'ही लिहून घेतलं. भाषेचे प्रश्न करणाऱ्या दुसऱ्या बाई होत्या, त्यांना तिने तो पर्याय कळवला. त्यांनी आभार मानले.

ती सुधारायचीही ठकीला. हे कुणी नाकारू नये. टक्केवारी तिने ठकीकडून इतक्या वेळा घोटून घेतली की शेवटी बाळीसुद्धा "टक्के टक्के" म्हणत टेबलाखालून फिरायची. भाषेत ठकीची उत्तरं आता बिनचूक यायला लागली. सासरे येता-जाता म्हणायचे, "आमच्या घरात क्लास उघडलाय." नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा, हात काळे करून यायचा आणि दारातच विचारायचा, "काय मास्तरीणबाई, पोरगी पास होणार ना?" वहिनी म्हणायची, "होणार म्हणजे! तुझ्यासारखी मधल्या मजल्यावर अडकणारी नाही ती."

पण वहिनीच्या हळूहळू एक गोष्ट लक्षात आली होती. सुधारलेली चूक तिच्या उपयोगाची राहत नाही. ठकीला एकदा नीट समजलं की त्या जातीच्या प्रश्नात ती पुन्हा तशी चुकत नाही, आणि मग वहिनीला टेबलावर पुन्हा हनुवटी टेकून बसावं लागतं. म्हणून ती कधीकधी जरा वेळ लावायची. आधी तीन-चार प्रश्न करून घ्यायची, एकाच चुकीची वेगवेगळी रूपं हातात आली की मग समजावून सांगायची. यात तिला गैर काही वाटलं नाही. सांगायचं तर होतंच. आज नाही तर परवा.

वयाचं गणित आलं ते अशाच एका दुपारी.

आज आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. तर मुलगी आज किती वर्षांची?

ठकीने मुलीचं वय मांडलं, आईचं चौपट मांडलं. मग म्हणाली, "पाच वर्षांनी मुलगी पाचाने मोठी. तिची तिप्पट म्हणजे आई." आणि मुलीच्या वयात पाच मिळवून, त्याची तिप्पट करून, ती सरळ आईच्या आजच्या वयाशी जुळवली. मुलगी पाच वर्षांनी मोठी झाली. आई होती तिथेच राहिली.

"पंधरा," ठकी म्हणाली. "मुलगी पंधरा, आई साठ. पाच वर्षांनी मुलगी वीस, तिची तिप्पट साठ. बरोब्बर!"

उत्तर दहा होतं. वहिनी तिच्या कागदाकडे बघत राहिली. इतकी नीटनेटकी चूक तिने कधी पाहिली नव्हती. सगळं जुळत होतं, ताळासुद्धा. ती दुसरं मायलेकींचं गणित पुढे करून बघायला लागली. पुन्हा तेच. बापलेकाचं दिलं, तर त्यात दोघांचीही वयं वाढली आणि उत्तर बरोबर आलं. पुन्हा मायलेकींचं दिलं. आईचं वय पुन्हा तिथेच.

सासूबाई ठकी शाळेत असतानाच गेल्या होत्या. वहिनीने त्यांना पाहिलेलं नव्हतं.

"बरोबर ना?" ठकीने विचारलं.

आतल्या खोलीत बाळी कुशीवर वळली, कुरकुरली, पुन्हा शांत झाली. वहिनीने पेन उचललं.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढचं कर."

संध्याकाळी तिने प्रश्न पाठवला. बाईंचा लगेच फोन. "हा पंधरा कसा आणलात? मी दहा मिनिटं बघतेय. आईचं वय वाढवायचं विसरायचं? असं कोण करेल?"

"करतात," वहिनी म्हणाली.

"तुम्ही पाहिलंय?"

"समोर बसून."

"मग असू दे. ताळा जुळतोय म्हणजे फारच जिवंत आहे. बरं, ऐका, आता तुमचे आधीचेही प्रश्न नुसते सरावाला राहणार नाहीत. पुढे जातील. कुठे ते मला विचारू नका."

वहिनीने विचारलं नाही. तिने मान वर करून पाहिलं, ठकी बाळीला खिडकीत उभी करून रस्त्यावरची माणसं दाखवत होती. "तो बघ, चष्मेवाला. त्याची फ्रेम सैल आहे. सारखा वर ढकलतोय बघ." बाळीही नसलेला चष्मा वर ढकलत होती.

वयाचं ते सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी बाळीला ताप आला, मग दुकानात मालाची मोजणी निघाली, ठकी दुपारची यायची बंद झाली. आणि खरं सांगायचं तर घाई वाटली नाही. कारण जुन्या पुस्तकांतली मायलेकींची गणितं ठकी रात्री टेबलावर सोडवत होतीच. तिथे तिचं पंधरा यायचं, ती पर्याय बघायची. आठ, दहा, बारा, चौदा. "अगंबाई, पंधरा नाहीच यात! थांब हं, कुठेतरी माती खाल्ली." मग पुन्हा पहिल्यापासून मांडायची आणि या वेळी कशीबशी दहावर पोचायची. कशी पोचली हे तिलाही कळायचं नाही. पण बरोबरची खूण पडायची. वहिनीला वाटायचं, होतंय की आपोआप.

जुन्या पुस्तकांतले पर्याय मेलेले होते म्हणून ते होत होतं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिच्याइतकं ते कुणाला कळायला हवं होतं?

परीक्षेच्या दिवशी ठकी सकाळी गेली. परत आली ती दारातूनच ओरडत. बाळीला उचलून गरगर फिरवलं, सासऱ्यांच्या पाया पडली, स्वयंपाकघरात येऊन वहिनीला मागून मिठी मारली. वहिनीच्या हाताला साबण होता.

"वहिनी! अगं काय सांगू! गणित म्हणजे पाणी होतं पाणी! प्रत्येक उत्तर तिथे होतं माझं. प्रत्येक! गेल्या वेळी आठवतंय ना, उत्तर काढायचं आणि ते पर्यायांत नसायचंच, मग रडकुंडीला यायचं, परत करायचं, वेळ संपायचा. या वेळी एकदाही नाही. काढलं की समोर हजर. काढलं की हजर. वेळ उरला माझा!"

वहिनी नळ बंद करायला विसरली.

"काय काय आलं होतं?" तिने विचारलं.

"सगळं आपलं केलेलं! खांब होते, तारेच्या कुंपणाचे, गोल मैदानाभोवती..."

"गोल?"

"हो ना, पण मी फसले नाही. बोटं आणि फटी! एक जास्त धरला."

गोल मैदानाला टोकं नसतात. एक जास्त धरायचा नसतो. तो पर्याय वहिनीने स्वतः रचला होता, ठकीला बोटं आणि फटी समजावून सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी. नवीन शिकलेलं माणूस नको तिथेही लावतं. बाईंनी त्याचंही कौतुक केलं होतं.

"आणि मायलेकींचं," ठकी म्हणाली. "चौपट-तिप्पटच, फक्त वर्षं वेगळी. मिनिटभरात! ताळासुद्धा केला मी, जुळला."

सासरे बाहेरून म्हणाले, "नळ वाहतोय गं कुणाचा तरी."

ठकीने हात पुढे करून नळ बंद केला. "हिला बघा बाबा, माझ्यापेक्षा हिलाच जास्त आनंद झालाय. बोलवत नाहीये."

रात्रीचं जेवण होईपर्यंत ठकीने ठरवूनही टाकलं होतं. दुकान सोडायचं. निकालाला वेळ होता, पण प्रवेश मिळाला की लगेच रुजू व्हावं लागतं, त्याआधी थोडा अभ्यास करते, मालकांना आधी सांगितलेलं बरं, त्यांना दुसरं माणूस बघायला वेळ मिळेल. सासरे म्हणाले, "एवढी खात्री आहे?" ठकी म्हणाली, "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा आहे."

"निकालापर्यंत थांब ना," वहिनी म्हणाली.

"का?"

"उगाच. हातचं कशाला सोडायचं?"

ठकी तिच्याकडे बघायला लागली. "तूसुद्धा? बाकी कुणी म्हणालं असतं तर चाललं असतं. तू रोज समोर बसली होतीस माझ्या. तुलाच भरवसा नाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

वहिनीने बाळीचं तोंड पुसलं. पुसलेलंच होतं.

खोलीत गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेला बसून ऐकत होता, नखांतलं काळं काडीने काढत. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे परीक्षेत तुझे प्रश्न होते."

"निदान काही तरी. मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत नव्हतं हे कोण मानणार? उद्या कुणाला कळलं की प्रश्न करणारीच्या नणंदेने परीक्षा दिली, तर तिचा निकाल रद्द, तुझं काम बंद. वर आणखी काय काय." त्याने काडी फेकली. "आणि तुला काय खात्री ती नापास होणार? काही चुकली असतील, काही बरोबर आली असतील. तुझे प्रश्न असे कितीसे असणार? तिला आत्ता सांगून काय होईल? फक्त तिची झोप उडेल."

"दुकान सोडतेय ती."

"मग मी बोलतो तिच्याशी."

तो बोलला. "जरा थांब" एवढंच म्हणाला. ठकीला वाटलं, वहिनीने दादाला पढवून पाठवलंय. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन सांगून आली आणि येताना सगळ्यांसाठी काहीबाही घेऊन आली. बाळीसाठी काच नसलेली लाल रंगाची छोटी फ्रेम. वहिनीसाठी काहीच नव्हतं. ती विसरली नव्हती.

निकाल दुपारी फोनवर आला. भाषेत ठकी पहिल्या काहींत होती. गणितात गेली होती, थोडक्यासाठी. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग पुन्हा उचलून पाहिला. मग सासऱ्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. तिथून फक्त सासऱ्यांचं खाकरणं ऐकू आलं. थोड्या वेळाने ते काकांना फोन लावत होते.

त्याच आठवड्यात संपादकबाईंचा फोन आला. कुठला पर्याय किती जणांनी निवडला याचे आकडे त्यांच्याकडे आले होते. वहिनीचे बहुतेक पर्याय चांगले चालले होते, गोल मैदानाचा तर फारच. "फक्त एक काढून टाकू या," बाई म्हणाल्या. "ते मायलेकींचं. आईचं वय न वाढवणारं. अहो, एवढ्या सगळ्या मुलांत तो पर्याय एकीनेच निवडलाय. एकीने! मी म्हटलं नव्हतं, असं कोण करेल म्हणून?"

वहिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकताय ना? मेलेला निघाला तो."

"काढा," वहिनी म्हणाली.

ती गच्चीवर गेली. ठकी दोरीवरचे कपडे काढत होती, तिचेच, न्यायचे. बाळी खाली बसून चिमटे गोळा करत होती. वहिनीने एका बाजूने चादर धरली, ठकीने सवयीने दुसरी बाजू धरली आणि दोघींनी मिळून ती घडी केली. घडी संपेपर्यंत वहिनीने सगळं सांगून टाकलं होतं. मोठ्याने विचार करायला का सांगत होते. काय लिहून घेत होते. कुठे पाठवत होते. मैदान. मायलेकी. एकीनेच निवडला. मध्ये कुठेही आवाज फुटू दिला नाही. आपण रडलो तर हिलाच आपली समजूत काढायला लागेल, हे तिला माहीत होतं.

ठकीने घडी पोटाशी धरली.

"परीक्षेत ते असणार हे तुला माहीत होतं?"

"नाही. बाळीची शपथ."

"बाळीला मध्ये आणू नकोस." तिने घडीची कड सरळ केली. "पण मी चुकतेय हे माहीत होतं. त्या दुपारी. मी विचारलं होतं तुला, बरोबर ना म्हणून."

"हो."

"तू म्हणालीस, पुढचं कर."

"हो."

"का?"

 वहिनीकडे तीन-चार उत्तरं होती. बाळीचा ताप होता, दुकानातली मोजणी होती, ती जुनी पुस्तकं होती. प्रत्येक कुणालाही खरं वाटलं असतं.

"मला ती चूक हवी होती," ती म्हणाली.

ठकीने मान हलवली. रागाने नाही, एखादी किंमत ऐकून गिऱ्हाईक हलवतं तशी. मग चादर कठड्यावर ठेवली आणि म्हणाली, "सांग आता. काय चुकत होते?"

"आता राहू दे ना, ठके."

"नाही. सांग. मला कळू तर दे."

वहिनीने सांगितलं. पाच वर्षांनी मुलगी पाच वर्षांनी मोठी होते, तशी आईसुद्धा पाच वर्षांनी मोठी होते. दोन्हीकडे पाच मिळवायचे.

ठकी तिच्या तोंडाकडे बघत होती, आणखी काही येईल म्हणून.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. बाळीने दोन्ही मुठी भरून चिमटे आणले आणि नेहमीप्रमाणे आत्याच्या पायाशी जाऊन उभी राहिली, वर उचलायची वाट बघत. ठकीने तिला उचललं नाही. वाकून तिच्या मुठीतला एकेक चिमटा काढून घेतला, टोपलीत टाकला आणि तिला खांद्यांना धरून हळूच वहिनीकडे वळवलं.

"एका वाक्याचं तर होतं, वहिनी," ती म्हणाली, आणि आपले कपडे घेऊन जिना उतरायला लागली.